पाठिंबा कुणाला, आणि कशाच्या बदल्यात?

(पुण्यात स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



न्यूयॉर्कमध्ये महापौर व्हायला दहा-दहा, बारा-बारा जण उभे असतात. अशा गर्दीत तिथल्या बायकांच्या संघटना आपला पाठिंबा कसा ठरवतात, यावर मी बोलावं असं तुम्ही सुचवलंत. विषय दूरचा वाटेल. पण १५ जानेवारी २०२६ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हा तुमच्याही वस्त्यांमध्ये हाच प्रश्न होता. इतके पक्ष, इतक्या आघाड्या, फुटलेल्या पक्षांची नवी-जुनी चिन्हं, त्यात अपक्ष. बायकांनी कुणाच्या मागे उभं राहायचं? आणि उभं राहायचं तर कशाच्या बदल्यात? प्रश्नाच्या या दुसऱ्या भागावर मी जास्त बोलणार आहे, कारण पहिल्या भागाचं उत्तर त्यातूनच निघतं असा माझा अनुभव आहे.

आधी माझी अडचण सांगते. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी इथे घेतली आणि आता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दक्षिण आशियाई बायकांबरोबर काम करते. घरात मारहाण सोसणाऱ्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या बायका. बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी, गुजराती, क्वचित एखादी आपली मराठी. मी तिथली नागरिक नाही, त्यामुळे मला तिथे मत नाही. शिवाय आमच्यासारख्या करमाफी मिळालेल्या सेवाभावी संस्थांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायला अमेरिकन कायद्याने १९५४पासून बंदी आहे. म्हणजे मत नसलेली बाई, आणि तिची संस्था पाठिंबा जाहीर करू न शकणारी! ती तुम्हाला पाठिंब्यावर काय सांगणार?

पण याच अडचणीने आम्हाला एक गोष्ट शिकवली. पाठिंबा म्हणजे शेवटच्या आठवड्यात काढलेलं पत्रक, एवढाच अर्थ घेतला तर आमच्या हातात काहीच नव्हतं. पत्रकाच्या आधीचं आणि नंतरचं काम मात्र सगळं आमच्या हातात होतं. संस्थेत आम्ही मुद्दे आणि मतदानाची पद्धत समजावून सांगत होतो आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न पाठवत होतो. कुणाचं नाव लिहायचं हे बायका बाहेर, आपापसात, एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसून ठरवत होत्या. मी आज जे सांगणार आहे ते दोन्हीकडचं आहे.

त्या पदाच्या हातात काय आहे?

न्यूयॉर्कचा महापौर म्हणजे आपल्याकडचा महापौर नव्हे. आपल्याकडे नगरसेवक महापौर निवडतात, त्याची मुदत अडीच वर्षांची असते, आणि कारभाराची खरी सूत्रं राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. न्यूयॉर्कचा महापौर लोकांमधून थेट निवडला जातो, चार वर्षांसाठी, आणि कारभार तोच चालवतो. शहराचा पोलीस आयुक्त तो नेमतो. सार्वजनिक शाळांचा प्रमुख तो नेमतो. शहराचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ११५ अब्ज डॉलरच्या घरात होतं. शहरातल्या सुमारे १० लाख घरांचं भाडं दर वर्षी किती वाढू द्यायचं हे ठरवणारं नऊ जणांचं एक मंडळ आहे, आणि त्या नऊही जणांची नेमणूक महापौर करतो.

भाड्याचा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. मार खाणारी बाई घर का सोडत नाही, असं लोक सहज विचारतात. सोडून जाणार कुठे? मुलं घेऊन वेगळी खोली घ्यायची तर तिचा सगळा पगार भाड्यातच जाईल. म्हणून भाडं ठरवणाऱ्या मंडळावर कोण बसणार, हा आमच्या दृष्टीने घरातल्या हिंसेचाच प्रश्न आहे. कोणत्याही उमेदवाराच्या ‘महिलांसाठी’ या सदरात तो तुम्हाला सापडणार नाही.

उलट, महापौराच्या हातात नसलेल्या गोष्टीही बऱ्याच आहेत. श्रीमंतांवरचा प्राप्तिकर वाढवायचा तर राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागते. बस आणि भुयारी रेल्वे राज्याच्या ताब्यातल्या महामंडळाकडे आहे. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. प्रत्येक उमेदवाराची आश्वासनं मोठ्या कागदावर लिहिली आणि बायकांना प्रत्येकापुढे खूण करायला सांगितली: हे महापौर स्वतः करू शकतो, हे शहर परिषदेला बरोबर घेऊन करू शकतो, की हे राज्याकडे मागावं लागेल? मुलं सांभाळणारी एक नेपाळी बाई तो कागद बघून म्हणाली, “दीदी, जे यांच्या हातात आहे त्याबद्दल हे गप्प, आणि जे हातात नाही त्याबद्दल केवढं बोलतात!” राज्याकडे मागावं लागणारं आश्वासन खोटंच असतं असं नाही. पण राज्याकडून ते कसं मिळवणार, कुणाला बरोबर घेणार, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

एक मत, पाच नावं

आता मतदानाची पद्धत थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं प्राबल्य आहे. त्यामुळे त्या पक्षाचा उमेदवार ठरवणारी जी पक्षांतर्गत निवडणूक असते, तीच बहुधा निर्णायक ठरते. तिला प्रायमरी म्हणतात. तिच्यात उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. पक्षाचे म्हणून नोंदलेले सामान्य मतदार तो मतदानाने ठरवतात. २०२१पासून महापौरपदाच्या प्रायमरीत पसंतीक्रमाची पद्धत आली. २०१९च्या नोव्हेंबरात सार्वमत घेऊन लोकांनी ती मान्य केली होती. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात १, २, ३ असे आकडे लिहून मत देतात, तशीच ही पद्धत. न्यूयॉर्कमध्ये जास्तीत जास्त पाच नावांना क्रम देता येतो. पहिल्या पसंतीची ५० टक्क्यांहून अधिक मतं कुणालाच मिळाली नाहीत तर सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो, आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं शेवटचे दोन उरेपर्यंत चालतं. एखाद्या मतपत्रिकेवर क्रम दिलेली सगळीच नावं बाद झाली तर ती मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडते.

या पद्धतीमुळे ‘जिंकणाराला मत द्यायचं की आवडणाराला’ हा पेच बराच सुटतो. पण नवी जबाबदारीही येते. दुसरं, तिसरं, पाचवं नाव कोणतं, याचा विचार करावा लागतो. आणि कोणतं नाव लिहायचंच नाही, याचाही.

२०२१: दोघी होत्या, एकही झाली नाही

२०२१च्या जूनमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत १३ नावं होती. पुढे असलेल्यांत एरिक अ‍ॅडम्स होते. ते पूर्वीचे पोलीस अधिकारी आणि तेव्हा ब्रुकलिन विभागाचे अध्यक्ष. स्त्रियांमध्ये तिघींची चर्चा होती. माया वायली या नागरी हक्कांच्या वकील. कॅथरीन गार्सिया यांनी शहराच्या स्वच्छता खात्याच्या आयुक्त म्हणून काम केलेलं. डायॅन मोरॅलेस या सामाजिक संस्थांमधून आलेल्या.

स्कॉट स्ट्रिंगर हे शहराचे हिशेबनीस, आणि पुरोगामी संघटनांपैकी अनेकांची पहिली पसंती. वर्किंग फॅमिलीज पार्टी या लहान पण वजनदार पक्षाने क्रमवार यादी जाहीर केली होती: पहिले स्ट्रिंगर, दुसऱ्या मोरॅलेस, तिसऱ्या वायली. एप्रिलच्या अखेरीस एका स्त्रीने स्ट्रिंगर यांच्यावर सुमारे २० वर्षांपूर्वीच्या लैंगिक छळाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला. पण त्यांचे बरेच समर्थक बाजूला झाले आणि पक्षाने त्यांचं नाव काढलं. मे महिन्यात मोरॅलेस यांच्या स्वतःच्या प्रचारकांनीच, तिथल्या वागणुकीवरून आणि कामाच्या अटींवरून, काम थांबवलं. पक्षाने तेही नाव काढलं. राहिल्या वायली. इथे माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ज्यांनी पाठिंबा एकाच नावावर लावला होता त्यांची ऐन वेळी धांदल उडाली. ज्यांच्याकडे यादी होती त्यांना पुढे सरकायला जागा होती.

निकाल असा लागला. पहिल्या फेरीत अ‍ॅडम्स सुमारे ३१ टक्के, वायली २१ टक्क्यांच्या वर, गार्सिया जवळपास २० टक्के. फेऱ्या होत गेल्या तशा गार्सिया वायलींच्या थोड्या पुढे गेल्या आणि वायली बाद झाल्या. शेवटच्या फेरीत अ‍ॅडम्स यांना ४,०४,५१३ आणि गार्सियांना ३,९७,३१६ मतं मिळाली. फरक ७,१९७ मतांचा. आणि शेवटच्या फेरीपर्यंत मोजणीतून बाहेर पडलेल्या मतपत्रिका होत्या सुमारे १ लाख ४० हजार. त्यांच्यावर या दोघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

त्या सगळ्या मतपत्रिका गार्सियांच्या झाल्या असत्या असं मी म्हणत नाही. कितीतरी जणांना दोघंही नको असतील. पण क्रम कसा लावायचा हे न कळल्याने एकच नाव लिहून आलेल्या बायका मला भेटल्या आहेत. एक तर म्हणाली, “दुसरं नाव लिहिलं तर पहिल्याचं मत कमी होईल ना?” तसं होत नाही. पण हे तिला मतदानाआधी कुणी सांगितलं होतं?

दुसरी गोष्ट. वायली आणि गार्सिया यांनी एकमेकींसाठी दुसरी पसंती मागितली नाही. यात नुसता अहंकार शोधणं बरोबर होणार नाही. दोघींची भूमिका खरोखर वेगळी होती. वायलींना पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकातून १ अब्ज डॉलर काढून दुसरीकडे वळवायचे होते. गार्सियांना ते मान्य नव्हतं. ‘दोघी बायकाच आहेत, एकत्र का नाही आल्या?’ हा प्रश्न आपण पुरुष उमेदवारांबद्दल कधी विचारत नाही. तरीही एक प्रश्न राहतोच. दोघींच्या पाठीमागे असलेल्या स्त्री-संघटनांनी तरी आपसांत बसून ठरवायला हवं होतं की नाही? तुमची दुसरी पसंती आमची, आमची तुमची, एवढं म्हणायला भूमिका सोडावी लागत नाही.

न्यूयॉर्कला आजवर एकही स्त्री महापौर मिळालेली नाही. मुंबईत सुलोचना मोदी १९५६मध्ये महापौर झाल्या होत्या!

पण त्याच २०२१मध्ये शहर परिषदेत वेगळं घडलं. ५१ जागांपैकी ३१ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. परिषदेत स्त्रियांचं बहुमत प्रथमच झालं. तिथे आपल्यासारखं आरक्षण नाही. काही संघटनांनी आधीची काही वर्षं प्रभागाप्रभागातून बायका शोधल्या, त्यांना निधी कसा उभारायचा हे शिकवलं. त्यातून हे झालं. या परिषदेने २०२२मध्ये शहराच्या आरोग्य केंद्रांत गर्भपाताच्या गोळ्या मोफत देण्याचा कायदा केला. मोठ्या पदाच्या गर्दीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना ज्यांनी खालच्या ५१ जागांवर काम केलं, त्यांच्या पदरात काहीतरी पडलं.

२०२५: आमचं भांडण

२०२५च्या जूनमधल्या प्रायमरीत ११ नावं होती. सर्वांत ओळखीचं नाव अँड्र्यू कुओमो यांचं. ते राज्याचे गव्हर्नर होते. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशा जेम्स यांच्या चौकशी अहवालात त्यांनी ११ स्त्रियांचा लैंगिक छळ केल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि कोणत्याही फौजदारी न्यायालयात ते दोषी ठरलेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

तुम्हाला वाटेल, मग भांडण कसलं? बायकांनी सरळ ‘नको’ म्हटलं असेल. तसं झालं नाही. शुश्रूषेचं काम करणारी एक पंजाबी बाई मला म्हणाली, “दीदी, ताशी १५ डॉलर याच माणसाने आणले. पगारी कौटुंबिक रजा याच्याच काळात आली. तुझे बाकीचे चांगले लोक तेव्हा कुठे होते?” ती खोटं बोलत नव्हती. किमान वेतन १५ डॉलरपर्यंत नेण्याचा आणि पगारी कौटुंबिक रजेचा, दोन्ही कायद्यांवर २०१६मध्ये सही कुओमोंचीच होती. एवढंच काय, २०१९मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा राज्याचा कायदा अधिक कडक झाला, त्यावरही त्यांचीच सही आहे.

आमच्यात या प्रश्नावर दोन-तीन बैठका कडाक्याचं भांडण झालं. माझी भूमिका मी तिथे मांडली, ती इथेही सांगते. आम्ही घरकाम करणाऱ्या बाईला सांगतो, मालकाने अंगाला हात लावला तर तक्रार कर, नोकरी जाईल म्हणून गप्प बसू नकोस. अहवालातल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी त्या माणसाच्याच कार्यालयात काम करणाऱ्या होत्या. त्यांनी तक्रार केली, त्यांची चौकशी झाली, निष्कर्ष निघाला. एवढं होऊनही आपण ‘पण त्याने पगार वाढवला’ म्हणून त्याला क्रम दिला, तर उद्या आपल्याकडे येणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने तक्रार कर म्हणणार? आणि १५ डॉलर त्याने आणले हे अर्धंच खरं. सही त्याची होती. रस्त्यावर वर्षानुवर्षं उतरल्या त्या कामगार बायका होत्या.

ती पंजाबी बाई शेवटपर्यंत माझ्याशी सहमत झाली नाही. तिने तिच्या मनाप्रमाणे क्रम लावला. तो तिचा हक्क होता. पण तिच्या प्रश्नाने आमचं भलं झालं. ‘हा नको’ म्हणणाऱ्यांनी ‘मग त्या वेतनाचं पुढे काय’ याचं उत्तर बाकीच्या उमेदवारांकडून लेखी मागायला सुरुवात केली.

दुसरं भांडण स्त्री उमेदवारांवरून. एड्रियन अ‍ॅडम्स शहर परिषदेच्या अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. कुओमोंचा अहवाल काढणाऱ्या लेटिशा जेम्स यांचा त्यांना पाठिंबा होता. बाई सक्षम, अनुभवी, शांत. पण शुश्रूषा करणाऱ्या बायकांचं एक विधेयक वर्षानुवर्षं परिषदेत अडकलं होतं. या बायका रुग्णाच्या घरी सलग २४ तास राहतात आणि पगार मिळतो १३ तासांचा, कारण उरलेले तास झोपेचे आणि जेवणाचे धरले जातात. २४ तासांची पाळीच बंद करा, अशी त्यांची मागणी. २०२४मध्ये त्यासाठी त्यांनी उपोषणही केलं. परिषदेच्या नेतृत्वाचं म्हणणं, हा विषय राज्याचा. प्रायमरीपर्यंत ते विधेयक मतदानाला आलंच नाही. आता सांगा, स्त्री महापौर हवी म्हणून त्यांना पहिली पसंती द्यायची, की आमचं विधेयक पुढे गेलं नाही म्हणून द्यायची नाही? पसंतीक्रमामुळे आमच्यातल्या अनेकींना मधला मार्ग मिळाला. त्यांनी त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमावर ठेवलं आणि का ठेवलं ते पत्राने कळवलं.

जेसिका रामोस याही उमेदवार होत्या. आमच्याच भागातल्या, राज्याच्या सिनेटर. २०२१मध्ये कुओमोंचा राजीनामा मागणाऱ्यांत त्या होत्या. मतदानाला तीन आठवड्यांहून कमी वेळ उरला असताना त्यांनी कुओमोंनाच पाठिंबा जाहीर केला. त्यांचं नाव पहिलं लिहायचं ठरवलेल्या बायकांना फार लागलं ते. बाई आहे म्हणून विश्वास टाकायचा, हा हिशेब तिथे पुरेसा ठरला नाही.

आणि मग झोरान ममदानी. ३३ वर्षांचे, राज्याच्या विधानसभेचे सदस्य. चित्रपट दिग्दर्शक मीरा नायर यांचा मुलगा म्हणून तुम्हाला ते ठाऊक असतील. कारभाराचा मोठा अनुभव नाही. पण सहा आठवड्यांच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंत मोफत पाळणाघर, भाडेवाढ गोठवणं, ही त्यांची आश्वासनं थेट आमच्या बायकांच्या कागदावरची होती. भाडं गोठवणं महापौराच्या नेमणुकांच्या हातात, पाळणाघराला राज्याचा पैसा हवा. दोन्हींपुढे वेगवेगळ्या खुणा झाल्या. मुलं सांभाळणाऱ्या बायकांनी आणखी एक प्रश्न काढला: पाळणाघर मोफत, ठीक, पण तिथे काम करणारीला पगार किती? उत्तर होतं, सार्वजनिक शाळेतल्या शिक्षकांच्या बरोबरीने. ते आम्ही लिहून ठेवलं.

या वेळी २०२१पेक्षा एक गोष्ट वेगळी झाली. मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी ममदानी आणि शहराचे हिशेबनीस ब्रॅड लँडर यांनी आपापल्या समर्थकांना सांगितलं, दुसरी पसंती एकमेकांना द्या. वर्किंग फॅमिलीज पार्टीने पुन्हा क्रमवार यादी दिली. कुओमोंचं नाव कोणत्याच क्रमावर लिहू नका, असा वेगळा प्रचारही झाला. शेवटच्या फेरीत ममदानींना ५६.४ टक्के आणि कुओमोंना ४३.६ टक्के मतं पडली. नोव्हेंबरात, जिथे पसंतीक्रम नसतो, तिथे कुओमो अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले. ममदानी निम्म्याहून थोडी अधिक मतं घेऊन निवडून आले. २० लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. १९६९नंतर इतकं झालं नव्हतं.

मत नसलेल्या बायका

तिथल्या कितीतरी बायकांना माझ्यासारखं मतच नाही. २०२१मध्ये परिषदेने कायद्याने राहणाऱ्या ८ लाखांहून अधिक बिगर-नागरिकांना शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा कायदा केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये तो रद्द ठरवला. मत असलेल्या बायकांचीही अडचण होती. प्रायमरीत मत द्यायचं तर पक्षाची नोंद लागते, आणि ती बदलायची मुदत फेब्रुवारीच्या मध्यालाच संपली. मतदान जूनमध्ये! जूनमध्ये जाग आलेल्या बाईला काहीच करता येत नव्हतं. म्हणून आमच्या दृष्टीने प्रायमरीचं सगळ्यात मोलाचं काम जानेवारीच्या थंडीत, दारोदारी फिरून, नोंदणी तपासण्याचं होतं. त्या वेळी कुणी फोटो काढायला आलं नव्हतं. ते काम मत नसलेल्या बायकांनीही केलं.

इथे काय करता येईल?

महाराष्ट्रात पसंतीक्रम नाही, थेट महापौरही नाही. पुण्यासारख्या शहरात एका प्रभागात चार-चार नगरसेवक, मुंबईत एक. निम्म्या जागा स्त्रियांना राखीव, म्हणजे जी गोष्ट न्यूयॉर्कमध्ये झगडून मिळवावी लागते ती तुमच्याकडे कायद्याने आहे. पण राखीव जागेवर दोन-तीन पक्षांच्या बायकाच समोरासमोर उभ्या असतात, तेव्हा ‘बाईला मत द्या’ या घोषणेने काहीच ठरत नाही. तेव्हा मला सुचतं ते असं.

एक. मुद्द्यांचा क्रम उमेदवारांची नावं येण्याआधी ठरवा. पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर, रात्रीचे दिवे, निवारा. पहिलं कोणतं, पाचवं कोणतं, हे वस्तीतल्या बायकांना भांडून ठरवू द्या. नावं आल्यावर ठरवायला बसलात तर नावंच मुद्दे ठरवतात.

दोन. प्रत्येक आश्वासनापुढे लिहा: नगरसेविकेच्या हातातलं, स्थायी समितीच्या, आयुक्तांच्या, की राज्य सरकारच्या? मग ज्याचं त्याच्याकडे मागा.

तीन. ‘नको’ची यादी आधी करा आणि तिची कारणं लिहून ठेवा. बाईवर अत्याचार करणारा, किंवा त्याला वाचवणारा, कितीही कामाचा असला तरी नको, हे निवडणूक नसताना ठरवलं तरच निवडणुकीत टिकतं.

चार. एकाच नावावर सगळं लावू नका. ते नाव मागे घेतलं जाईल, पक्ष बदलेल, किंवा नाव तिचं आणि कारभार नवऱ्याचा असं निघेल. दुसरं नाव तयार ठेवा. आणि दुसऱ्या संघटनेशी आधीच बोला. तुमची पहिली पसंती वेगळी असेल, दुसरी एक असू शकते.

पाच. पाठिंब्याची तारीख संपत नाही. ममदानींनी १ जानेवारी २०२६ला सूत्रं घेतली. त्याच महिन्यात त्यांनी आणि गव्हर्नर कॅथी होकल यांनी दोन वर्षांच्या मुलांसाठी मोफत सांभाळाची योजना जाहीर केली. त्यावर आमच्या बायकांचा पहिला प्रश्न होता: सांभाळणारीच्या पगाराचं काय? कागद अजून भिंतीवर आहे. एक खूण झाली, बाकीच्या व्हायच्या आहेत. ज्यांना आम्ही पसंती दिली त्यांच्याकडे आम्हाला जास्त वेळा जावं लागणार आहे, हे बायकांना पटलेलं आहे.

तुमच्याकडे महापालिकांमध्ये जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. आता नगरसेवक आले आहेत, महिला व बालकल्याण समिती आहे, दर वर्षी अंदाजपत्रक येतं. ज्यांना तुम्ही मत दिलंत आणि ज्यांना नाही दिलंत, त्या सगळ्यांच्या सहीने तुमच्या पाच मुद्द्यांचा कागद येत्या अंदाजपत्रकाच्या आधी तयार करा. सही कोण करतं आणि कोण टाळतं, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणाला पाठिंबा द्यायचा याची चर्चा त्या कागदापासून सुरू करता येईल.